थरोब्रेडमधलं ‘अरबी रक्त’ नेमकं किती?

आक्षीकर: किनाऱ्यावर रपेटीसाठी रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड (इंग्लंडात शर्यतींसाठी घडवलेली जात) घोडी बघतोय. विकणारा म्हणतो, तिच्या बापाकडची ओळ थेट डार्ली अरेबियनला, म्हणजे या जातीच्या अरबी मूळपुरुष घोड्याला भिडते, म्हणून आपल्या उन्हात टिकेल. यावर जादा पैसे द्यावेत का?

खारवारा: एक रुपयाही नको. डार्ली अरेबियन 1704 साली अलेप्पोहून इंग्लंडात गेला. त्याचा खापरपणतू एक्लिप्स (1764) इतका चालला की आज सुमारे 95 टक्के थरोब्रेडची बापाकडची ओळ डार्लीलाच मिळते. म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं खरं, पण ते जवळपास प्रत्येक घोड्याला लागू. शिवाय ही ओळ वाय गुणसूत्राची, आणि घोडीत ते नसतंच! एकूण जनुकांत डार्लीचा वाटा साधारण साडेसहा टक्के. गोडॉल्फिन अरेबियन या दुसऱ्या मूळपुरुषाची नरओळ आज बारीक झालीय, तरी त्याचा वाटा 14 टक्क्यांच्या आसपास, कारण त्याचं रक्त मुलींकडूनही पसरलं. वंशावळीची फक्त वरची रेघ, म्हणजे बापाकडची ओळ, वाचणारे इथेच फसतात.

पागेवाला: वेगाचं श्रेयही सगळं अरबी घोड्यांना देऊ नका. मायोस्टॅटिन या स्नायूंची वाढ आवरणाऱ्या जनुकाची ‘सी’ प्रत कमी अंतराच्या दौडीला पोषक. 2012 च्या संशोधनानुसार ती बहुधा ब्रिटनमधल्या स्थानिक घोडीकडून आली. अरबी घोड्यांत प्रामुख्याने ‘टी’ प्रत असते, लांब पल्ल्याची. तपासायचंच असेल तर आयाळीचे 20-30 केस मुळांसकट उपटून लॅबला द्या. मुळाशिवाय केस गेले की नमुना वाया.

रेवदंडा_रपेट: आपल्याकडे खरा प्रश्न दमटपणाचा. पूर्वी चौलला होर्मुझकडचे अरबी घोडे उतरत, पण अरबस्तानातलं ऊन कोरडं. काही घोड्यांचा घाम दमट हवेत बंदच पडतो. दुपारी 20 मिनिटं दुडकी चालवून बघा. मान आणि कुशी कोरड्या, नाकपुड्या फुललेल्या, अर्ध्या तासानंतरही धाप चालूच, तर सोडून द्या. घाम नीट येत असेल तर रोज 30-60 ग्रॅम मीठ आणि भरपूर पाणी.

पुढच्या पायांचे टेंडन दोन्हीकडे दाबून बघा. एका पायात ऊब किंवा जाडी लागली तर पशुवैद्याकडून सोनोग्राफी झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. कोरड्या भुसभुशीत वाळूत टेंडनवर ताण वाढतो, म्हणून सुरुवातीला ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट पुळणीवरच चालवा. मानेतली मायक्रोचिप स्कॅन करून नंबर घोडीच्या पासपोर्टशी (ओळखपत्राशी) जुळवा. नंबर जुळला नाही तर वंशावळीचा कागद त्याच घोडीचा आहे हे कशावरून?