मदत हवी आहे: साडेचार तास वाढवले तरी कॅमेऱ्याचे आणि फोनचे फोटो जुळत नाहीत

सुट्टीवर_आलोय
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. परतीचं विमान तोंडावर आलंय आणि त्याआधी आईबाबांसाठी फोटोबुक छापायला टाकायचंय. तिकडे पोस्टिंगवर असताना काढलेले फोटो आणि इथे घरच्यांबरोबर फिरलो त्याचे, असं दोन्ही एकाच पुस्तकात हवंय. सगळं एका फोल्डरमध्ये टाकून वेळेनुसार लावलं तर भलतंच झालं. बायकोच्या फोनमध्ये बाबा किल्ल्याच्या माथ्यावर बसून पाणी पितायत, आणि त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यात तेच बाबा पायथ्याशी वाकून बुटाची नाडी बांधतायत!
माझा कॅमेरा तिकडच्या वेळेवर असतो. इथला फरक साडेचार तासांचा, म्हणून सगळे फोटो निवडून तेवढी वेळ वाढवली. तरी एक तास उरतोच. भावाचे फोटो तर सगळे एकाच तारखेचे दिसतात. सॉफ्टवेअर गंडलंय का? दुसरं कुठलं घेऊ? प्लीज लवकर सांगा.

फिरस्ती
"तिकडे" म्हणजे कुठे? कॅमेरा कुठला? सॉफ्टवेअर कुठलं? फोटो रॉ आहेत की जेपेग? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

सुट्टीवर_आलोय
कॅमेऱ्याचा काय संबंध? प्रश्न वेळेचा आहे. लाइटरूम वापरतो, फोटो रॉ आहेत. पोस्टिंग यूरोपात आहे, नेमकं ठिकाण इथे लिहीत नाही. पुढे बोला.

जुना_लेन्सवाला
मी गेली कित्येक वर्षं सांगतोय की प्रवासाला निघताना कॅमेरा यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर, लावावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये. देश बदलो, ऋतू बदलो, फोटोंचा क्रम कधीच बिघडत नाही. घरी आल्यावर ज्या त्या ठिकाणचा फरक घालायचा. धागालेखकांनी आत्ताच कॅमेरा यूटीसीवर करून टाकावा.

आडवाटेची
अहो काका, फोटो काढून झालेत. आता कॅमेरा यूटीसीवर केल्याने जुने फोटो कसे दुरुस्त होतील?
शिवाय मला तो उपाय मुळात पटत नाही. फोटोची माहिती उघडल्यावर सूर्योदयाखाली मध्यरात्रीची वेळ दिसली तर घरच्यांना काय समजणार? जिथे आहोत तिथल्या वेळेवर कॅमेरा लावायचा. विमानातून उतरलं की पहिलं काम ते.

जुना_लेन्सवाला
आणि उतरल्यावर विसरलात की? माणूस विसरतो. यूटीसीत विसरायला जागाच नाही.

बिंदू_बिंदू
भांडण थांबवा, धागालेखक घाईत आहेत.
@सुट्टीवर_आलोय, एकच प्रश्न. कॅमेऱ्याचं घड्याळ शेवटचं कधी लावलं होतं? आणि इथले फोटो कुठल्या महिन्यातले?

सुट्टीवर_आलोय
घड्याळ तिकडे गेल्या गेल्या लावलं, मे महिन्यात. इथले फोटो डिसेंबरातले. त्याचा काय संबंध? तिकडचा आणि इथला फरक आत्ता साडेचार तासच आहे, नेटवर बघून खात्री केलीय.

बिंदू_बिंदू
संबंध तिथेच आहे. यूरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात. फोन हा बदल नेटवर्कवरून आपोआप घेतो. बहुतेक कॅमेऱ्यांना तो कळत नाही, मेनूत जाऊन हाताने करावा लागतो. तुमचं घड्याळ मेमध्ये लावलेलं, म्हणजे उन्हाळी वेळ, यूटीसी अधिक २. ऑक्टोबरात तिकडचं सगळं शहर मागे सरकलं, तुमचा कॅमेरा अधिक २ वरच राहिला.
इथली वेळ यूटीसी अधिक ५:३०. म्हणजे कॅमेरा आणि इथलं घड्याळ यांच्यातला फरक डिसेंबरातही साडेतीन तासच. तुम्ही साडेचार वाढवलेत, तो एक तास जास्तीचा. सॉफ्टवेअर ठीक आहे.
आणखी एक. तिकडचेच, पण ऑक्टोबर अखेरीनंतर काढलेले फोटो एक तास पुढची वेळ दाखवत असणार. ते एक तास मागे घ्या. मे ते ऑक्टोबरच्या फोटोंना हात लावायची गरज नाही.

फिरस्ती
+१. अचूक निदान. फक्त त्यांनी लिहिलंय की "सगळे फोटो निवडून" वाढवले. म्हणजे तिकडचेही साडेचार तास पुढे गेलेत.

सुट्टीवर_आलोय
हो, सगळेच गेले. आता? सगळे पुन्हा उलटे फिरवायचे? आणि लाइटरूममध्ये तास बदलायच्या पर्यायात अर्धा तास येतच नाही, नुसते पूर्ण तास. मी दोनदा मिनिटांचं काहीतरी करून साडेचार केले होते.

बिंदू_बिंदू
लाइटरूम क्लासिक असेल तर मेटाडेटा मेनूत मूळ वेळ परत आणायचा पर्याय आहे. आधी तो वापरून सगळं जसं होतं तसं करा. मग तीन गठ्ठे पाडा: तिकडचे उन्हाळ्यातले, तिकडचे हिवाळ्यातले, इथले. प्रत्येक गठ्ठ्याचा फरक वेगळा.
अर्ध्या तासासाठी टाइम झोनचा पर्याय सोडा, "ठरावीक तारीख आणि वेळ" हा घ्या. गठ्ठ्यातल्या एका फोटोची खरी वेळ तुम्ही टाकता, आणि बाकीचे सगळे तेवढ्याच फरकाने सरकतात. सगळ्यांना एकच वेळ लागत नाही, घाबरू नका. मात्र ज्या फोटोची वेळ टाकताय तोच ठळक निवडलेला आहे ना, ते बघून घ्या.

रानवाटा
लाइटरूमला पैसे कशाला मोजायचे? एक्झिफटूल फुकट आहे आणि हे काम एका ओळीत करतं. तास-मिनिटं हवी तितकी वाढवा, हवी तितकी वजा करा, आणि मूळ फाइलची प्रत आपोआप शेजारी ठेवतं. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर डिजिकॅम घ्या, तेही फुकट आणि त्यात वेळ सरकवायची सोय आहे. मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

आडवाटेची
रानवाटा, ते आधीच लाइटरूममध्ये काम करतायत. विमान गाठायचंय त्यांना. त्यांना नवं सॉफ्टवेअर शिकवू नका.

रानवाटा
शिकायला फार वेळ लागत नाही. आणि पुढच्या वेळी उपयोगी पडेलच.

कृष्णधवल
माझा एक वेगळा सल्ला. वेळेनुसार लावूच नका. प्रवासाचं पुस्तक म्हणजे हजेरीपट नव्हे. विषयानुसार जोड्या लावा: तिकडचा पूल आणि इथला पूल, तिकडचा पाऊस आणि इथला पाऊस. परगावी नेमणुकीवर असलेल्या माणसाचे फोटो आणि घरी सुट्टीवर आलेल्या माणसाचे फोटो, दोघांची नजर वेगळी असते. तिकडे आपण रोजच्या रस्त्यातही काहीतरी शोधत असतो, घरी आलो की माणसांकडेच बघतो. समोरासमोरच्या पानांवर ते फार छान दिसेल.

सुट्टीवर_आलोय
कल्पना आवडली, पण आईने स्पष्ट सांगितलंय की दिवसामागून दिवस हवेत. मी तिकडे कधी काय करत होतो हे तिला क्रमाने बघायचंय. तिच्यासाठीच तर हे पुस्तक आहे.
@बिंदू_बिंदू, मूळ वेळ परत आली, साडेतीनने इथले सगळे जुळले! बाबा आधी नाडी बांधतायत, मग पाणी पितायत. मनापासून आभार. आता भावाचे फोटो. सगळे एकाच तारखेचे, आणि ती तारीख आम्ही फिरलो त्याच्या कितीतरी नंतरची.

फिरस्ती
भावाने फोटो दिले कसे?

सुट्टीवर_आलोय
कसे म्हणजे? व्हॉट्सॲपवर पाठवले. सगळेच तसे पाठवतात.

फिरस्ती
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहिती निघून जाते. कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, काही उरत नाही. तुम्हाला दिसतेय ती तारीख फाइल तुमच्याकडे सेव्ह झाल्याची. ते फोटो छापूही नका, मोठ्या पानावर फुटतील. भावाकडून मेमरी कार्डच घ्या. नाही जमलं तर त्याला फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

निळी_छत्री
इथे सगळे वेळेबद्दलच बोलतायत म्हणून सांगते, किल्ल्यावरच्या फोटोंत आकाश पांढरं पडत असेल तर पोलरायझर फिल्टर घ्या. सूर्याशी काटकोनात उभं राहून फिल्टर फिरवला की आकाश गडद निळं होतं, पानांवरची चकाकी जाते. प्रवासात माझ्याकडे नेहमी असतो.

जुना_लेन्सवाला
पोलरायझर चांगला, पण वाइड लेन्सवर लावू नका. आकाशाचा एक भाग गडद आणि बाकीचा फिकट येतो, मध्येच डाग पडल्यासारखं दिसतं. आणि प्रकाशही दीड ते दोन स्टॉप कमी होतो. त्यापेक्षा साधा यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवावा.

निळी_छत्री
यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळातला. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. त्याने फोटोत काही फरक पडत नाही.

जुना_लेन्सवाला
फोटोसाठी कोण म्हणतंय? लेन्सची पुढची काच वाचते. माझी एकदा दगडावर आपटली, फिल्टर फुटला आणि लेन्स वाचली.

आडवाटेची
त्यासाठी लेन्स हुड असतो. वेगळा धागा काढा ना फिल्टरचा.

सुट्टीवर_आलोय
आकाश चांगलं आलंय, त्याची काळजी नाही. भावाकडून कार्ड आणलं. आता नवीनच. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो १ जानेवारीचे, तेही बऱ्याच वर्षांपूर्वीचे! हा कॅमेरा तेव्हा आमच्या घरात नव्हताही.

जुना_लेन्सवाला
याचं उत्तर माझ्याकडे आहे. कॅमेऱ्याच्या आत घड्याळासाठी एक वेगळी छोटी बॅटरी असते. कॅमेरा कपाटात बरेच महिने मुख्य बॅटरीशिवाय पडून राहिला की ती उतरते आणि घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जातं. सुरू केल्यावर तारीख विचारतो, माणूस ओके ओके दाबत पुढे जातो. चार्ज केलेली मुख्य बॅटरी एखादा दिवस आत ठेवली की बऱ्याच कॅमेऱ्यांत ती पुन्हा भरते. काहींत नाण्यासारखी बॅटरी असते, ती बदलावी लागते.

बिंदू_बिंदू
हेही सुटतं. घड्याळ चुकलेलं असलं तरी ते चालत होतं ना? म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर बरोबर आहे, फक्त सुरुवात चुकली. तुम्ही आणि भावाने एकाच क्षणी काढलेला एखादा फोटो शोधा. नाडी बांधतानाचा त्याच्याकडेही आहे का? असेल तर तुमच्या फोटोची दुरुस्त वेळ त्याच्या फोटोला द्या, बाकीचे त्याच फरकाने सरकवा. फोटोत स्टेशनचं घड्याळ, तिकिटावरची वेळ, कोणाच्या मनगटावरचं घड्याळ दिसत असेल तर आणखी चांगलं.
एक धोका आहे. मध्येच बॅटरी बदलताना घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं असेल तर एकाच फरकाने सगळे जुळणार नाहीत. ते ओळखायला फाइलचे क्रमांक बघा. क्रमांक वाढत जातोय आणि वेळ अचानक मागे उडी मारते, तिथे नवा गठ्ठा सुरू होतो.

जुना_लेन्सवाला
वा. ही क्रमांकाची युक्ती मला माहीत नव्हती.

रानवाटा
तुमच्या फोनवर प्रवासभर जीपीएस ट्रॅक चालू ठेवला असता तर फोटोंवर ठिकाणंही आपोआप बसली असती. एक्झिफमधली जीपीएसची वेळ नेहमी यूटीसीतच असते, टाइम झोनची भानगड नाही. साध्या तारीख-वेळेच्या नोंदीत मात्र टाइम झोन नसतोच. त्यासाठीची वेगळी नोंद एक्झिफच्या २.३१ आवृत्तीत, २०१६ साली आली. जुने कॅमेरे ती लिहीत नाहीत.

सुट्टीवर_आलोय
नाडीचा फोटो भावाकडे आहे! त्याने वरून काढलाय, मी बाजूने, बाबांचा एकच हात दोन्हीत नाडीच्या गाठीवर. त्यावरून पहिला दिवस पूर्ण बसला. दुसऱ्या दिवशी खरंच मध्ये वेळ मागे उडालीय, क्रमांक मात्र पुढे चाललेत. तिथून वेगळा गठ्ठा केला. तलावावर आम्ही दोघांनी एकाच होडीवाल्याचा फोटो काढलाय, त्यावरून तोही बसवतो.
पण आता फोटोबुकवाल्यांच्या वेबसाइटवर टाकले तर क्रम पुन्हा वेगळा दिसतोय. लाइटरूममध्ये बरोबर आहे!

आडवाटेची
तिथे फाइलच्या नावाने क्रम लागत असणार. तुमच्या कॅमेऱ्याची नावं एका अक्षराने सुरू होतात, फोनची दुसऱ्या. लाइटरूममधून जेपेग एक्सपोर्ट करताना नावच तारीख आणि वेळेचं द्या: आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, शेवटी अनुक्रमांक. महिना-दिवस नेहमी दोन अंकी. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नावाने लावले तरी वेळेनेच लागतात. मी दरवेळी असंच करते, यूटीसीवाद्यांनीही करून बघावं.

जुना_लेन्सवाला
यूटीसी आणि हे दोन्ही एकत्र चालतं, त्यात विरोध नाही.

सुट्टीवर_आलोय
झालं! नावं बदलून पुन्हा अपलोड केले, सगळे क्रमाने आले. आज रात्री छपाईला देतो. बिंदू_बिंदू, फिरस्ती, आडवाटेची, लेन्सवाले काका, तुम्ही सगळे होतात म्हणून वेळेत झालं. आई पान उलटेल तेव्हा तुमची आठवण काढीन.

सह्यवेडा
धागा उशिरा वाचला. माझ्याकडेही असाच गोंधळ आहे, पण व्हिडिओंचा. फोटो जुळवले, त्याच फोनचे व्हिडिओ मात्र साडेपाच तास मागे दिसतात. हेच करायचं का?

बिंदू_बिंदू
नाही, व्हिडिओंची गोष्ट वेगळी. फोनच्या व्हिडिओ फाइलमध्ये वेळ साधारणपणे यूटीसीत लिहिलेली असते आणि ती स्थानिक वेळेत बदलायचं काम सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं. काही सॉफ्टवेअर ते करत नाहीत, म्हणून नेमके साडेपाच तास. मात्र बरेच कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहितात, त्यामुळे सगळ्यांना सरसकट वाढवू नका. आधी एकच व्हिडिओ घेऊन बघा. फोन कुठला आणि व्हिडिओ कशात उघडताय?