इसबगोल घेऊन उलट पोट गच्च?

मूळव्याधीच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय की पोट साफ व्हावं म्हणून इसबगोल घेतलं, तर ते उलट गच्च झालं. अहो, पाणी किती प्यालात? तो भुसा पाणी शोषून फुगतो. दोन घोटांवर उरकलं तर आतच घट्ट बसतो. मी रात्री दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पितो, वर आणखी एक पेला. मोबाइल संडासाबाहेर ठेवायला लागलो, तशी अर्ध्या तासाची बैठक पाच मिनिटांवर आली! गुदद्वाराशी ठणका असेल तर टबात कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसा. शौचाला काचेनं कापल्यासारखं दुखत असेल तर ती बहुधा मूळव्याध नसून गुदद्वाराला पडलेली चीर, म्हणजे फिशर. आणि रक्त पडत असेल तर ‘मूळव्याधच असणार’ असं घरबसल्या ठरवू नका, चाळिशीनंतर तर नाहीच. मी लाजण्यात आठ महिने घालवले. डॉक्टरांकडची तपासणी पाच मिनिटांत आटोपली.