रंगभवन, काळे टीशर्ट आणि शेवटची कर्जत लोकल : तुमचे अनुभव लिहा

परवा आमच्या ताई ग्रिल पुसत होत्या, हातातल्या काळ्या फडक्यावर एक अर्धवट कवटी दिसली. ओढूनच घेतलं. माझा आयरॉकचा टीशर्ट! बायको म्हणे दहा वर्षं पोटमाळ्यावर होता, आता तुझं पोट मावतं का त्यात. मुद्दा बरोबर आहे पण तरी.
तर रंगभवन. मुंबईतलं उघडं थेटर, धोबीतलाव, झेवियर्सच्या बाजूला. इंडिपेंडन्स रॉक, म्हणजेच आयरॉक, हा रॉक बँडांचा कार्यक्रम तिथे १९८६ला सुरू झाला, मी गेलो नव्वदनंतर, कॉलेजात असताना, घरी 'प्रॅक्टिकल आहे' सांगून. ब्रह्मा नावाचा बँड वाजवत होता आणि माझ्या शेजारचा अनोळखी पोरगा माझ्या खांद्यावर डोकं आपटत होता, सॉरी म्हणायचा आणि परत आपटायचा. बदलापूरला रात्री दोनला पोचलो, कानात शिट्टी. बाबा दारातच उभे. प्रॅक्टिकल कसलं होतं ते अजून विचारलेलं नाही त्यांनी.
लिहा रे.

खोडरबर
टीशर्ट धुतलास का आधी

मधली_सुट्टी
तिकिटाला पैसे नसायचे, बाहेर भिंतीला टेकून ऐकायचो. उघडं थेटर, आवाज सगळा बाहेर येतो, फुकटात उलट जास्त क्लिअर. मग कयानी या इराण्याकडे एक बनमस्का चौघांत.

सुगरण_सुमा
कयानी चालू आहे का अजून? बाजूचं बस्तानी बंद झालं तेव्हा फार वाईट वाटलेलं. मावा केक आणायला सांगायचा होता कोणाला तरी.

मधली_सुट्टी
चालू आहे हो ताई. लवकर जा, केक संपतो.

डोंबिवली_फास्ट_नाही
आम्ही वाजवायचो. बँडचं नाव सांगत नाही, लाज वाटते. गिव्हसनची गिटार, तारा इतक्या वर की बोटं सोलून निघायची, आणि अँप म्हणजे मंडपवाल्याचा आहुजा, तो व्हॉल्यूम पूर्ण फिरवला की आपोआप फाटायचा, तेच आमचं डिस्टॉर्शन, पेडल घ्यायला पैसे कोणाकडे होते. ड्रमर मिळेना म्हणून बेंजो पार्टीतला एक पोरगा आणला, हळदीला वाजवायचा. त्याला सांगितलं फास्ट वाजव, त्याने जे वाजवलं ना, सगळी मेटलची गाणी कोळीगीतासारखी झुलायला लागली. कॉलेजच्या स्पर्धेत आम्हाला हूटिंग झालं, चप्पल पण आली एक (उजवी). पण शेवटच्या गाण्याला मागची पोरं चक्क लेझीम खेळत होती. स्पर्धेत शेवटचे आलो. आत्ता कुकर लावलाय, नंतर लिहितो.

खोडरबर
उजवीच का 😂

वाऱ्याचं_गाव
शिकागोहून. डोंबिवलीकर, तुम्ही जे चुकून केलंत त्याला इथे कंट्री-पंक म्हणतात आणि लोक पैसे देऊन ऐकतात. लीड्सच्या मीकॉन्स या पंक बँडमधला जॉन लँगफर्ड इथे येऊन राहिला, त्याचे वाको ब्रदर्स म्हणजे शेतकऱ्यांची रडकी गाणी, मँडोलिनसकट, पण पंकच्या जोरात. इथलंच ब्लडशॉट रेकॉर्ड्स हे लेबल अशा संगीताला इन्सर्जंट कंट्री म्हणायचं. हाइडआउट नावाच्या बारमध्ये जायचो, शेजारी पालिकेचे ट्रक उभे असायचे, एकदम आपल्या गॅरेजसारखी जागा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गावचा तमाशाच आठवला, आणि शेजारच्या गोऱ्याला ते समजावता येईना.

शनिवारवाडा_डावीकडे
मी नंतरच्या पिढीतला. भयानक मौत या मेटल बँडचा टीशर्ट घालून दिवाळीच्या फराळाला बसलो. छातीवर एवढ्या मोठ्या अक्षरात. आजीने चष्मा पुसला, परत वाचलं, आणि म्हणाली, मेल्या, लक्ष्मीपूजनाला तरी बदल.
मार्च २००७ला आयर्न मेडन बँडच्या शोसाठी उद्यान एक्सप्रेसने बंगलोरला गेलो ते वेगळंच, अख्ख्या डब्यात काळे कपडे, एक काका विचारत होते कोण गेलं म्हणून.

खोडरबर
"कोण गेलं" 🤣🤣

नथ_आणि_बूट
आम्ही मुली तीनच असायचो त्या गर्दीत. एक किस्सा आहे पण तो नको. चांगला सांगते, माझा बूट हरवला तर पाच अनोळखी पोरांनी मोबाईल नसलेल्या काळात आगपेटीच्या उजेडात शोधून दिला.

मधली_सुट्टी
रंगभवन बंद कशामुळे झालं ते लिहा कोणीतरी. इस्पितळ, शाळा, कोर्टापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र, तो २०००चा आवाजाचा नियम. बाजूला कामा हॉस्पिटल आहेच. आयरॉक मग अंधेरीला चित्रकूट मैदानावर गेलं, मला काही जमलं नाही तिथे. आता रंगभवनची गल्ली म्हटलं की २६/११च आठवतं, करकरे, कामटे, साळसकर. गाडी तिथून गेली की मी गप्प होतो.

सुगरण_सुमा
🙏

बदलापूरकर (धागाकर्ता)
टीशर्ट धुतला. रंग गेला, कवटीचे दात राहिलेत. ताईंना नवीन फडकं दिलंय.

कोपरखैरणे_कट्टा
डोंबिवलीकर, तो हळदीवाला ड्रमर डावखुरा होता का? कपाळावर खोक?

डोंबिवली_फास्ट_नाही
हो!! डावखुराच!! तुम्ही कसे ओळखता?

कोपरखैरणे_कट्टा
माझ्या हळदीला वाजवलं त्याने. भटजी म्हणाले जरा हळू. व्यक्तिगत निरोप करतो, नंबर असेल बहुतेक मेव्हण्याकडे.