'व्हल्नरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं? (पर्सनल ब्रँडच्या पत्रकासाठी, घाई आहे)

राजारामपुरी_सातवी_गल्ली
मंडळी, अडलेय. एका बाईंच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं पत्रक इंग्रजीतून मराठीत करून द्यायचंय. विषय: सर्जनशीलता, अध्यात्म आणि व्हल्नरेबिलिटी यांच्या बळावर स्वतःचा अर्थपूर्ण पर्सनल ब्रँड उभा करणे. येणार कोण, तर घरी साबण करणाऱ्या, रांगोळीचे वर्ग घेणाऱ्या, कथक शिकवणाऱ्या बायका. पहिले दोन शब्द रुळलेत, तिसऱ्यापाशी गाडी अडली.

मी आधी 'अगतिकता' लिहिलं. बाईंनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगतिक बाईकडनं साबण कोण घेतंय?" मग 'हळवेपणा' केलं. आमची गगनबावड्याकडं थोडी भातशेती आहे. बाबा म्हणाले, हळवं म्हणजे लवकर येणारं भात. हळवं, निमगरवं, गरवं. माणूस हळवा म्हटला की डोळ्यात लगेच पाणी, एवढंच. मूळ मजकुरात तर धाडस आहे. आपली भीती, फसलेला धंदा, पडलेला चेहरा लोकांसमोर न लपवता ठेवायचा, असं काहीतरी.

'असुरक्षितता' सुचवू नका. बाईंनी आधीच खोडलंय, वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचं पत्रक वाटतं म्हणाल्या. परवा छपाई.

जुना_मास्तर
रुळलेत कसले? 'सर्जनशीलता' हा शब्द भिंतीवर लावला तर निम्मे लोक विचारतील, सर्जन कुठल्या दवाखान्यातले. आपल्याकडे 'प्रतिभा' आहे. भट्टतौत या जुन्या काव्यशास्त्रकाराने व्याख्याच करून ठेवली आहे: प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी. उन्मेष म्हणजे डोळे उघडणे. पण प्रतिभा म्हटले की ती कार्यशाळेत दोन दिवसांत मिळत नाही, ही तुमच्या बाईंची अडचण असावी.

मूळ प्रश्नाबद्दल: लॅटिनमध्ये वुल्नुस म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते तो. सरळ शब्द 'भेद्यता'. आणि 'ब्रँड'ला 'स्वनाममुद्रा'. उगाच परकी शब्दांची आयात कशाला?

गुऱ्हाळावरचा
मास्तर, भेद्यता म्हणजे पन्हाळ्याचा तट काय हो? साबणवाल्या बाईला म्हणायचं 'तुमची भेद्यता दाखवा', म्हणजे कुठल्या बुरुजाकडनं चढायचं ते दाखवा!

आणि ब्रँडला एवढं लांबडं नाव कशाला, आमच्याकडं 'हात' म्हणत्यात. सौद्यात गुळाचा रवा, म्हंजे ढेप, आला की व्यापारी खडा मोडून तोंडात टाकायचा आन् विचारायचा, "गुळव्या कोण?" शेतकऱ्याचं नाव नंतर. काहिलीत पाक कवा धरायचा, कवा उतरायचा, हे त्या हातात. चपलेचंबी तसंच, "कुणाच्या हातची?"

आता तुमचा अडलेला शब्द. एका हंगामात आमच्या आज्ज्याचा पाक फसला. गूळ काळा पडला, वर खारट. पावडर मारून पिवळा करून द्यायची सोय तवाबी होती. आज्ज्यानं केलं न्हाई. काळे रवे तसेच सौद्यात पुढं मांडले आन् म्हणाला, "औंदा चुकलंय." भाव मातीमोल गेला. पुढच्या वर्षी भाव जास्त मिळाला असंबी काय नाय. पण व्यापाऱ्यानं आमचा रवा फोडून बघायचं बंद केलं. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, आमच्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
दादा, हे पत्रकात घालू का हो? नाव न घेता. आणि अगदी हेच! पण शब्द?

कोथरूडकर
माझ्या मते 'वर्म' हा शब्द विसरला जातोय. वर्मी लागणे, वर्मावर बोट ठेवणे. जिथे स्पर्श केला की माणूस कळवळतो ती जागा. 'आपलं वर्म झाकू नका', हे वाक्य पत्रकावर चांगलं दिसेल. छोटा शब्द, मराठी शब्द.

जुना_मास्तर
चांगले दिसेल, पण अर्थ नेमका उलटा. संस्कृतात 'वर्मन्' म्हणजे चिलखत. तुम्हाला हवा आहे तो शब्द 'मर्म'. मर्मस्थान, मर्मभेद. लोकांनी मर्माचे वर्म केले आणि तुम्ही ते पुण्यातून आम्हाला परत पाठवता आहात. 'आपले चिलखत झाकू नका'? बरे.

कोथरूडकर
संस्कृतात चिलखत असेल, मराठीत शेकडो वर्षं दुखरी जागाच आहे. 'वर्मी घाव बसला' म्हटल्यावर कोणी 'चिलखत वाचलं ना?' असं विचारत नाही. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडात असतो, धातुपाठात नाही.

दिंडीतला
दोघंही अर्धंच बोलताय. संतांच्या बोलण्यात वर्म म्हणजे गुपित, नेमकी किल्ली. 'वर्म कळलं' म्हणजे कुलूप उघडलं. म्हणजे चिलखत, दुखरी जागा आणि किल्ली, तिन्ही एकाच शब्दात. ताईंना अध्यात्मपण हवंय ना, मग सगळंच आलं की.

जाता जाता, मास्तरांची नाममुद्रा मला पटली. तुका म्हणे, चोखा म्हणे, एका जनार्दनी. शेवटच्या चरणात नाव ओवायचं, आणि ते ऐकलं की माल कुणाचा ते कळतं. पर्सनल ब्रँड याहून जुना कुठला दाखवा. जनाबाईंनी तर 'दासी' हा हलका समजला जाणारा शब्दच नावाला जोडला. नामयाची दासी जनी. आता बोला, यात व्हल्नरेबिलिटी कमी आहे का?

जुना_मास्तर
संतांना ब्रँड म्हणणे हे आजच्या काळाचे पाप आहे. ती मुद्रा 'मी'पणा उतरवण्यासाठी होती, वाढवण्यासाठी नव्हे. आणि अध्यात्म या शब्दाचा अर्थच आत्म्याविषयीचे, म्हणून 'पर्सनल' लावायची गरजही नाही.

दिंडीतला
मग नाव ओवलंच कशाला? 'म्हणे' एवढंच म्हणून सोडायचं होतं.

आक्का_रंकाळा
मी रोज वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

तुम्हाला शब्द का सापडत नाही ते सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून सांगतात. घरातलं बाहेर काढू नये. धंद्यातलं तर नाहीच नाही. ज्या भाषेत उघड्यावर पडणे म्हणजे देशोधडीला लागणे आणि उघडं पडणे म्हणजे चोरी सापडणे, तिथं मुद्दाम उघडं व्हायला चांगला शब्द कुठून येणार? सासूबाई बरोबर बोलल्या.

आता ब्रँडचं. मी ऐकलंय की इंग्रजीत तो शब्द जळक्या लाकडापासून, तापल्या लोखंडाच्या खुणेपासून आला. मग आपला 'डाग' काय वाईट आहे? जनावराला डाग देतात. खिलजीनं लष्करातल्या घोड्यांना दाग द्यायची पद्धत लावली, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. आणि तोच डाग कपड्यावर पडला की कलंक, आणि तोच लग्नात अंगावर घातला की दागिना. "पोरीला चार डाग घातले" असं आमच्या आई म्हणायच्या. प्रवासाला निघालं की सामानाचे डागही मोजायच्या, ते वेगळंच.

आमच्या लहानपणी परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्यानं खूण करायचा. प्रत्येक घराची वेगळी. आमची होती दोन आडव्या रेघा आणि एक ठिपका, शेजारच्यांची फुली. कितीही धुतलं तरी जात नसे. एकदा मी हौसेनं तसलीच खूण सुईनं मनगटावर काढायला गेले. बिब्बा उतला. टरारून फोड आला, आठ दिवस हात सुजलेला. अजून फिकट वण आहे. आईनं आधी पाठीत घातलं, मग तूप लावलं. कापडावर लागला तर खूण आणि कातडीवर लागला तर जखम, वस्तू एकच.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
आक्का, हे वाचून दोन मिनिटं काही टाईप झालं नाही. पण 'पर्सनल डाग' लिहिलं तर बाई मला पैसे देणार नाहीत.

लाल_माती
राम राम. तालमीतला माणूस आहे, शब्दातलं कळत न्हाई. पण एक सांगतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात शेजारी बसलेला माणूस पैलवान हाय का, हे त्याच्या दंडावरनं नाय बघायचं. कान बघायचा. तालमीच्या मातीत घासून घासून, दाबून दाबून कान मोडतो, आत रक्त धरतं आन् मग गड्डा होऊन बसतो. एकदा मोडला की मोडला. बरीच पोरं बसल्या बसल्या त्या कानाला हात लावत असत्यात, लपवत कुणी न्हाई. नवीन पोराचा कान मोडला की वस्ताद हसतो, "आता झालास." लग्नाच्या फोटोत बायको केस वाढीव म्हणती ते निराळं.

ताईंनी मोडका कान असं लिव्हावं.

गुऱ्हाळावरचा
नाद खुळा भावा! विषयच संपला.

जुना_मास्तर
विषय संपला नाही, भरकटला. आणि 'नाद' या शब्दाचा हा वापर... नाद म्हणजे ध्वनी. नादब्रह्म. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात गायले तिथे 'नाद खुळा' हे शर्टावर छापून विकतात.

दिंडीतला
मास्तर, घंटा एकदा वाजली तरी कानात घुमत राहते, तसं डोक्यात घुमत राहणारं ते नाद. माझी व्युत्पत्ती, घ्यायची तर घ्या. सर्जनशीलतेला 'नाद' म्हणायला काय हरकत आहे? कथकवाल्या बाईंना तर फुकटात श्लेष मिळेल.

निपाणीकर
कान म्हणालात म्हणून आठवलं, कोल्हापुरी चपलेलाही कान असतात, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना. ब्रँडची चर्चा कोल्हापुरात चालू आहे आणि चपलेचं नाव अजून कुणी नीट घेतलं नाही, कमाल आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नव्हे. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नाव कोल्हापूरचं, हात आमच्याकडचेही. याला म्हणतात ब्रँड! २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली, नाव न घेता. ओरड झाल्यावर मग प्रेरणा कोल्हापुरीची म्हणून मान्य केलं. तेव्हा सगळे कोल्हापूरकर चिडले. आम्ही अथणीवाले, निपाणीवाले किती वर्षं चिडायचं?

गुऱ्हाळावरचा
पावणं, चिडा की, कोण नको म्हणतंय. पण कापशी चप्पल कापशीची, ती काय अथणीला न्हेणार हाय?

निपाणीकर
कापशी घ्या. पुकरी, बक्कलनाळी सगळं घ्या. पण कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत किती घरांचे हात लागतात ते मोजा, आणि त्यातल्या किती जणांचं नाव चपलेवर असतं तेही बघा. पर्सनल ब्रँड म्हणे. चपलेवर दुकानाचं नाव असतं.

कोथरूडकर
हा मुद्दा महत्त्वाचा आहे पण वेगळा धागा काढायला हवा. मूळ प्रश्न शब्दाचा होता.

आक्का_रंकाळा
निपाणीकरांचा मुद्दा वेगळा नाही. गुळव्याचं नाव निदान सौद्यात विचारायचे. आमच्या वेळी नाव 'मिळायचं', दुसरे द्यायचे. 'नाव काढलंस' असं दुसऱ्यानं म्हणायचं. आता आपणच आपलं काढायचं, एवढा फरक आहे.

कोथरूडकर
आक्का, पूर्वी ज्यांना कुणी नाव दिलंच नाही, त्यांनी मग काय करायचं? घरी साबण करणाऱ्या बाईला कोण 'नाव काढलंस' म्हणणार होतं? सासूबाई?

आक्का_रंकाळा
हे मात्र खरं बोललात.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
मी इथं आहे हो अजून. एक उपप्रश्न: पत्रकाच्या शेवटी मागच्या वेळच्या एका बाईंचं मनोगत आहे, 'मी इथे घडले'. त्या मूळच्या पेठेतल्या. फोनवर मला म्हणाल्या, "मी असं कुठं बोलतो? मी घडलो असं लिहा." आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, मीही घरी तसंच बोलते. पण छापलं तर पुण्याचे लोक चूक काढतील. कार्यशाळा स्वतःच्या आवाजात बोला म्हणून सांगते आणि मी त्यांचा आवाज व्याकरणाला बसवतेय.

जुना_मास्तर
छापील मजकुरात प्रमाणभाषा. त्यात चर्चा नाही.

गुऱ्हाळावरचा
घडलो लिहा ताई. मी जबाबदार.

कोथरूडकर
पुण्याच्या वतीने: 'घडलो' ठेवा. आणि नाम शोधूच नका. मराठीत हे क्रियापदानं सांगतात. 'हातचं न राखता बोला.' 'पडलात तिथून सुरुवात करा.' इंग्रजीला नामांची हौस असते, आपण ती का करायची?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
'हातचं न राखता' आवडलं, पाठवते. पण मथळ्यात तीन नामं ओळीनं बसवलीत, वर कमळाचं चित्र. तिसरं काढून क्रियापद घातलं तर डिझायनर ओरडेल.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
(तीन दिवसांनी) छापून आलं. आत 'हातचं न राखता' आहे, 'घडलो'पण राहिलं. मथळ्यात बाईंनी आयत्या वेळी माझं काही न ऐकता देवनागरीत 'व्हल्नरेबिलिटी'च ठेवलं, आणि मुद्रितशोधन माझंच असूनही ते 'व्हल्नरेबलिटी' झालंय. पाचशे प्रती. बाईंना अजून कळलेलं नाही. सांगावं का?

लाल_माती
मोडका कान लिव्हला असता तर शुद्धलेखन चुकलं नसतं.

आक्का_रंकाळा
सांग बाई, फोन कर. कळल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

निपाणीकर
ते होईल. पण गुऱ्हाळावरचे, तुम्ही वर 'ती काय अथणीला न्हेणार' लिहिलंत. तुमच्या तालुक्यात चप्पल तुटलं म्हणतात की तुटली? आमच्याकडं ते चप्पल.

जुना_मास्तर
ती. चप्पल स्त्रीलिंगी.

गुऱ्हाळावरचा
मास्तर, तुटल्यावर ते. आन् आमच्यात मुळात पायताण.