मदत हवी आहे: सरकारी वकिलीतून जिल्हा न्यायाधीश, पुढे मानवी हक्क आयोग. हा रस्ता खरंच आहे का?

काळा_कोट

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता आहे. आधी काही वर्षं कसबा बावड्याच्या कोर्टात खासगी वकिली केली, मग एमपीएससीतून ही नोकरी लागली. दोन्ही धरून सात वर्षं केव्हाच उलटली, वयाची पस्तिशीही. जेएमएफसीच्या (दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेचं वय निघून गेलंय, त्यामुळे ‘आधी दिवाणी न्यायाधीश हो’ हा सल्ला कृपया नको. घरी तो रोज जेवणासोबत मिळतो.

डोक्यात असं आहे की हायकोर्टाच्या थेट भरतीतून जिल्हा न्यायाधीश व्हायचं, आणि पुढे कधीतरी राज्य मानवी हक्क आयोगावर काम करायचं. मैत्रिणी हसतात. म्हणतात, दिवसभर पोलिसांच्या बाजूनं उभी राहणारी तू, तुला आयोगावर कोण घेणार?

हे खूळ कुठून आलं ते सांगते. सुट्टीच्या दिवशीचं रिमांड (अटकेतल्या आरोपीला कोठडीसाठी कोर्टापुढे आणणं) ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. आरोपीला आणतात. साहेब (न्यायदंडाधिकारी) विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? तो आधी शेजारच्या हवालदाराकडे बघतो, मग साहेबांकडे, आणि म्हणतो, ‘नाही.’ तशी नोंद पडते. वैद्यकीय दाखला जोडलेला असतोच. एकदा एका पोराला कागदावर सही करता येईना, पेन बोटांत धरताच येत नव्हतं. दाखल्यात मात्र ताजी इजा नाही असं लिहिलेलं. पीसीआर (पोलीस कोठडी) मागायला मीच उभी होते. साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी पुन्हा तपासणीचा आदेश दिला. त्यानंतर तपास अधिकारी बरेच दिवस माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत, केस डायरी शिपायाकडून पाठवायचे. चालायचंच.

मला वाटतं मानवी हक्कांचा निम्मा प्रश्न त्या पाच मिनिटांतच असतो. तक्रार मुंबईला आयोगाकडे पोचेपर्यंत अंगावरचे वळ गेलेले असतात.

तर विचारायचं असं: सरकारी नोकरीतली माझी वर्षं ‘वकिली’ म्हणून धरतात का? बाररूममध्ये दोन तट आहेत, एक म्हणतो पगारी माणूस वकील राहत नाही. आणि आयोगावर जायला जिल्हा न्यायाधीश पुरतो, की हायकोर्टच लागतं? मुलाखतीत ‘पोलिसांची वकील’ हा शिक्का आड येतो का, हेही कुणी अनुभवातून सांगितलं तर बरं होईल.

सांगलीकर_वकील

ताई, पहिल्या प्रश्नाचा निकाल कधीच लागलाय. दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक, सुप्रीम कोर्ट, २०१३. राज्यघटनेच्या २३३(२) कलमात ‘सात वर्षं वकील’ असं आहे. त्या प्रकरणात सरकारी अभियोक्त्यांची निवड याच कारणावरून अडली होती. कोर्टानं म्हटलं, जो सरकारतर्फे कोर्टात उभा राहून खटले चालवतो तो वकीलच राहतो, पगार कोण देतं याला महत्त्व नाही. मात्र रुजू होताना सनदेचं (वकिलीच्या परवान्याचं) काय केलंत? काहीजण बार कौन्सिलकडे सनद जमा करून मोकळे होतात आणि मग छाननीत धावपळ होते. नाव पटावर आहे ना, एवढं आधी लेखी घेऊन ठेवा.

दुसरं, आता गर्दी वाढणार. आधी सेवेतल्या न्यायाधीशांना या थेट कोट्यातून बसता येत नव्हतं, धीरज मोर निकाल, २०२०. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तो फिरवला. वकिली आणि न्यायसेवा मिळून सात वर्षं झालेल्यांनाही दार उघडलं, किमान वय सगळ्यांना ३५. म्हणजे तुमच्या शेजारच्या डायसवरचे साहेबही त्याच परीक्षेला तुमच्या बाकावर दिसतील.

तांबडा_पांढरा

ताई, कुणी हसलं तर त्यास्नी १७ ऑगस्ट २०२५ आठवा म्हणावं. आपल्या कोल्हापूरच्या हायकोर्ट सर्किट बेंचचं उद्घाटन करायला जे सरन्यायाधीश आलेले, ते भूषण गवई, एकेकाळी नागपूर खंडपीठात सरकारी वकीलच होते की ओ. २००० साली तिथले मुख्य सरकारी वकील, २००३ ला हायकोर्टाचे न्यायाधीश, २०१९ ला सुप्रीम कोर्ट. सरकारी वकिलाचा कोट घातला म्हणून कुणाचं काय अडलं न्हाई. चाळीस वर्सं आमची वकील मंडळी बेंचसाठी भांडत होती, तवा बी लोक हसायचेच.

वाचनमात्र

जगभर अशी उदाहरणं आहेत. लुईस आर्बर आधी कॅनडात न्यायाधीश, मग युगोस्लाव्हिया आणि रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांच्या मुख्य अभियोक्ता. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या मिलोसेविचवर, तो राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच, आरोपपत्र त्यांनीच ठेवलं. पुढे कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात आणि २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त. त्यांच्यानंतर २००८ मध्ये त्या खुर्चीत बसल्या नवी पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ वंशाच्या वकील आणि रवांडा न्यायाधिकरणाच्या न्यायाधीश. अभियोक्ता, न्यायाधीश आणि हक्क आयोग ही वाट तुम्ही पहिल्यांदा पाडत नाही आहात.

काळा_कोट

@वाचनमात्र, वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. पण त्या हेगला होत्या, मी सकाळची एसटी पकडते :)

@सांगलीकर दादा, सनदेचं तुम्ही विचारलंत आणि पोटात गोळाच आला. रुजू होताना एका कागदावर सही केली होती हे आठवतं. तो कागद कसला होता, ते बघावं लागेल.

जुना_शिरस्तेदार

मॅडम, (सवय जात नाही, आयुष्य कोर्टात गेलं.) तुमचा दुसरा प्रश्न मी घेतो.

मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्याचं २१ वं कलम पाहा. राज्य आयोगाचा अध्यक्ष हायकोर्टाचा निवृत्त मुख्य न्यायमूर्ती किंवा न्यायमूर्ती. २०१९ च्या दुरुस्तीआधी फक्त मुख्य न्यायमूर्तीच चालायचे. एक सदस्य हायकोर्टाचा न्यायाधीश, किंवा जिल्हा न्यायाधीश म्हणून किमान सात वर्षं काढलेला. आणि एक सदस्य मानवी हक्कांचं ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेला, त्याला न्यायाधीश असण्याची अट नाही. म्हणजे हायकोर्ट लागत नाही, जिल्हा न्यायाधीश पुरतो. मात्र सात वर्षं जिल्हा न्यायाधीश म्हणूनच मोजतात. सरकारी वकिलीतली तुमची रिमांडं त्यात धरत नाहीत. मला स्वतःला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे.

आता व्यवहाराचं बोलतो. कायद्यानं सेवेतल्या जिल्हा न्यायाधीशालाही घेता येतं, हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून. तरी बहुतेकदा ही निवृत्तीनंतरची खुर्ची. जिल्हा न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो. आयोगाची मुदत आता तीन वर्षं, पूर्वी पाच होती, आणि वयाची सत्तरी ही शेवटची रेघ. आयोगावरून उतरल्यावर राज्य किंवा केंद्र सरकारची दुसरी नोकरी घेता येत नाही. नेमणूक राज्यपाल करतात, पण शिफारस करते ती समिती अशी: मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री, विरोधी पक्षनेते, आणि आपल्याकडे विधान परिषद असल्यामुळे तिथले सभापती व विरोधी पक्षनेते. मुख्यमंत्री आणि गृहमंत्री कधीकधी एकच असतात, तेव्हा एक खुर्ची कमी. परीक्षेचे मार्क या समितीपुढे चालत नाहीत.

आणि आयोग काय करू शकतो तेही बघून घ्या. समन्स काढणं, साक्ष घेणं, कागद मागवणं, हे दिवाणी कोर्टासारखं. शेवटी मात्र शिफारस. भरपाई द्या, खटला भरा, असं सरकारला सांगायचं. घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेताच येत नाही. आमच्या वेळचे एक साहेब म्हणायचे, हुकूम लिहायची सवय लागलेल्या हाताला शिफारस लिहिणं जड जातं.

‘पोलिसांची वकील’ या शिक्क्याबद्दल: एके काळी तो खरा होता. तालुका कोर्टात पोलीस प्रॉसिक्युटर पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंच राज्याला सांगितलं की अभियोक्ते पोलिसांपासून तोडा, स्वतंत्र खातं करा. मुलाखतीत कुणी टोचलं तर हा निकाल सांगा आणि ते पुन्हा तपासणीचं प्रकरण सांगा. त्याची रोजनाम्याची (कोर्टातल्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल आजच काढून ठेवा. पुढे सापडत नाही.

बिंदू_चौक

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. पस्तिशीनंतर अभ्यास, परीक्षा, महाराष्ट्रभर बदल्या, मग साठीनंतर राजकीय समितीच्या मर्जीवर तीन वर्षं. एवढं करून हातात काय, तर शिफारस. त्यापेक्षा त्याच कायद्याचं ३० आणि ३१ कलम वाचा. जिल्ह्याजिल्ह्यात सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमता येतं, आणि त्यात विशेष सरकारी वकील लागतो, अट सात वर्षं वकिली. ती तुमची आजच पूर्ण आहे. ही न्यायालयं बहुतेक ठिकाणी कागदावरच आहेत हे मान्य, कारण कुठला गुन्हा म्हणजे ‘मानवी हक्कांचा भंग’ हे कायद्यानं नीट सांगितलेलंच नाही. पण कुणीतरी तिथं प्रकरण न्यायला पाहिजे ना?

नाहीतर खात्यातच वर चढा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार अभियोग संचालक व्हायला पंधरा वर्षं वकिली किंवा सत्र न्यायाधीशपद लागतं. संचालकानं एक परिपत्रक काढलं की रिमांडला प्रत्येक अभियोक्त्यानं दाखला आणि माणूस दोन्ही बघायचे, तर त्याचा परिणाम आयोगाच्या शंभर शिफारशींपेक्षा जास्त होईल.

काळा_कोट

@बिंदू_चौक, राग कशाला. संचालकाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण परिपत्रकं मी बघितली आहेत. अटकेचं पंचनामावजा टिपण, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी तपासणी हे सगळं सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून ठरलेलं आहे, पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येही सांगितलं. कागद कमी नाहीत. त्या पाच मिनिटांत डायसवर बसलेला माणूस मान वर करून आरोपीकडे बघतो की नाही, यावर सगळं अडतं. म्हणून मला आधी डायस हवा आहे. आयोग मिळाला तर मिळाला. शिरस्तेदार काकांनी गणित मांडल्यावर हे जास्त स्पष्ट झालं.

काका, नक्कलेसाठी उद्याच अर्ज टाकते.

आता एवढंच: सनद जमा केली असेल, तर मधली वर्षं धरली जातात का? आणि खात्यातून ना हरकत मिळवायला कुणाला किती वेळ लागला? जाहिरात आल्यावर अर्जाची मुदत फार नसते असं ऐकते. थेट भरतीचा जुना अर्ज, सोबतच्या प्रमाणपत्रांसकट, कुणाकडे असेल तर कृपया पाठवा.

सांगलीकर_वकील

ना हरकतीसाठी जाहिरातीची वाट बघू नका, आत्ताच योग्य मार्गाने अर्ज पुढे ढकलून ठेवा, पोच घ्या. सनदेचा तो कागद आधी शोधा. ‘स्थगित’ लिहिलंय की ‘परत केली’ यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, तो बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. माझा मागच्या वेळचा अर्ज आहे, व्यनि (खासगी निरोप) केलाय. मी मुलाखतीपर्यंत जाऊन परतलो होतो, तेव्हा त्यातली खाडाखोड तेवढी सोडून द्या.