वायर रोप बदलायचा कधी? सल्ला हवा

नवखा_सुपरवायझर
नमस्कार मंडळी. साइटवर येऊन पाच महिने झाले आणि गेल्या आठवड्यात लिफ्टिंगचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. मटेरियल हॉइस्टला (सामान वर नेणारी लिफ्ट) १२ मिमीचा वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर आहे, सहा पेडांचा (पेड म्हणजे तारा पिळून केलेली एक लड). त्यावर एका जागी तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्यात. मी सात मोजल्या. फोरमन म्हणतो, "साहेब, शंभरावर तारा असतात त्यात. सात गेल्या तर काय बिघडलं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

दोर उतरवायचा कधी, तेल कुठलं लावायचं (आमच्याकडे गाडीतून काढलेलं जुनं ऑइल फासतात) आणि दोराचं टोक वळवून आवळायचे क्लॅम्प कसे लावायचे, एवढं सांगा. क्लॅम्पबाबत दोन फिटर दोन पद्धती सांगतात आणि दोघंही ठाम आहेत.

जुना_खलाशी
आधी हॉइस्ट बंद करा. मग मोजायला बसा.

सात तारा किती लांबीत तुटल्यात, सगळं त्यावर आहे. एका पेडाच्या माथ्यावर खडूने खूण करा. तिला एक धरून दोरावरून सरळ पुढे एकेक माथा मोजत जा. सातवा माथा म्हणजे तोच पेड एक फेरी मारून पुन्हा वर आला. हे अंतर म्हणजे एक पीळ. १२ मिमीच्या दोरात ७५-८० मिमी भरेल, जेमतेम चार बोटं.

मोबाइल क्रेनच्या चालत्या दोरांसाठी अमेरिकेच्या एएसएमई बी३०.५ या मानकात सोपा नियम आहे: एका पिळात विखुरलेल्या सहा तारा तुटल्या, किंवा एका पिळात एकाच पेडातल्या तीन, की दोर बाद. आयएसओ ४३०९ या आंतरराष्ट्रीय मानकात दोराच्या बांधणीप्रमाणे तक्ते आहेत, तिथे व्यासाच्या ६ पट आणि ३० पट लांबीत मोजतात. हॉइस्टच्या पुस्तिकेत याहून कडक आकडा असेल तर तोच धरा.

आता फोरमनचं उत्तर. तुटलेली तार थोडं पुढे गेलं की शेजारच्या तारांच्या घट्ट पकडीमुळे पुन्हा भार घेते. म्हणून दहा तारा दहा ठिकाणी तुटल्या तरी दोर तग धरतो. चार बोटांत सात तुटल्या तर तेवढ्या जागेचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि त्याही तितक्याच वेळा पुलीवरून वाकून थकलेल्या असतात. आतल्या किती गेल्यात ते तर दिसतच नाही.

तारा पेडाच्या माथ्यावर तुटल्यात की दोन पेडांमधल्या घळीत, हेही बघा. घळीतली तार तुटली म्हणजे दोर आतून खलास होतोय. तपासताना हातमोजा घाला, थांबलेल्या दोरावरून फडकं फिरवा, तुटकी तार फडक्याला अडकते. चालत्या दोराला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

व्हर्नियरवाला
+१. व्यासही मोजा. व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यांवर टेकले पाहिजेत. सपाट बाजूने धरलात तर आकडा कमी येतो. नवा दोर नावापेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे बसवल्यावर मोजून रजिस्टरात लिहा आणि पुढची घट त्यावरून काढा. आयएसओ ४३०९ प्रमाणे सगळीकडे सारखी घट झाली असेल तर तागाच्या गाभ्याच्या (गाभा म्हणजे पेड ज्याभोवती पिळतात तो मधला भाग) दोराला १०%, पोलादी गाभ्याला ७.५% ही शेवटची हद्द. एकाच जागी दोर बारीक झाला असेल तर टक्केवारी काढत बसू नका, तिथे गाभा गेलेला असतो.

ग्रीस_आणि_पाना
जुनं ऑइल आजपासून बंद. त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा कीस असतो, म्हणजे तुम्ही दोराला पॉलिश पेपरच चोळताय. जाड ग्रीसचा थर हाही भ्रम आहे: वरून चकचकीत, आत पाणी कोंडलेलं. तारेच्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने घाण काढा, डिझेलने धुऊ नका, गाभ्यातलं तेलही निघून जातं. वायर रोपसाठी मिळणारं आत झिरपणारं पातळ वंगण घ्या. दोर पुलीवर वाकतो तिथे पेड किंचित उघडतात, वंगण तिथेच सोडायचं. हॉइस्ट थांबवा, लावा, थोडा पुढे घ्या, पुन्हा लावा.

क्लॅम्प: यू-बोल्ट शेपटीवर (वळवलेलं मोकळं टोक), खोगीर (यू-बोल्टसमोरचा खाचेचा तुकडा) भार घेणाऱ्या लांब बाजूवर. सगळे एकाच दिशेने. उलटा लावलात तर यू भाराच्या दोराला चेपतो. १२ मिमीला किमान तीन, मी चार लावतो, मध्ये ७०-७५ मिमी अंतर. पहिला शेपटीच्या टोकाकडे, दुसरा थिंबलला (वळशाच्या आत बसवलेली धातूची कडी) लागून, मग मधले. पहिला भार उचलून झाला की नट पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. इतकं करूनही तो जोड दोराच्या ८०% च्या आसपास ताकद देतो. स्लिंगा (भार हुकाला लटकवायचे दोर) मात्र क्लॅम्प लावून करू नका. फेरूल (जोडावरची धातूची नळी) दाबलेल्या, क्षमतेचा बिल्ला असलेल्या घ्या.

पीळदार
दोर रीळावरून कसा काढता? आमच्या एका साइटवर रीळ आडवं टाकून वेटोळी वरून ओढली. एक वेटोळं आवळून वळ पडला. कुणीतरी तो हातोड्याने सरळ केला, दिसायला अगदी झकास. आठ-दहा दिवसांनी शटरिंग प्लेटांसकट दोर नेमका तिथेच तुटला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. रीळ दांड्यावर चढवून फिरवतच दोर काढा.

अवांतर: स्लिंगांच्या कोनाबद्दल कुणी बोललंच नाही. एक टन दोन पायांच्या स्लिंगने उचलताना जमिनीशी ६०° कोन असेल तर प्रत्येक पायावर ५७७ किलो, ४५° ला ७०७, ३०° ला पूर्ण १००० किलो. कोनमापक लागत नाही: दोन हुकांमधल्या अंतराइतका किंवा त्याहून लांब पाय घ्या, ६०° च्या खाली जाणार नाही.

नवखा_सुपरवायझर
सगळ्यांचे आभार. खडू लावून मोजलं. सातही तारा एकाच पिळात, त्यातल्या चार एकाच पेडात. दोर उतरवला. वरच्या पुलीच्या खाचेत जुन्या दोराचे पेड उमटलेत, बोट फिरवलं की करवतीसारखं लागतं. नवा दोर तीवरच चालवू का?

जुना_खलाशी
अजिबात नको, ती खाच नव्या दोराला कानशीसारखी घासेल. पुली बदला. नवा दोर चढवल्यावर आधी हलक्या भाराने काही फेऱ्या मारा, आणि प्लॅटफॉर्म पार खाली असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे उरले पाहिजेत.

जुन्या दोराचे मीटर-मीटरचे तुकडे करून मगच भंगारात द्या.

नवखा_सुपरवायझर
तुकडे करून टाकतो. फोरमनने सकाळीच विचारलं होतं, "साहेब, चांगला भाग स्लिंगांना ठेवू का?"