कादंबरी निम्म्यावर अडकलीय, ५०,००० शब्दांचं आव्हान घ्यावं काय?

निपाणीकर_दुकानदार
नमस्कार मंडळी. आमच्या निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर, शेतकऱ्यांनी तंबाखूला भाव मागितला त्यावर, कादंबरी लिहायलोय. हायवेवर मुक्काम ठोकलेल्या शेतकऱ्यांसाठी भाकरी थापणाऱ्या एका बाईच्या नजरेतनं. वीसेक हजार शब्द झाले आणि गाडी अडली ती अडलीच. मित्रानं नॅनोरायमोचं सांगितलं: नोव्हेंबरचे ३० दिवस, प्रत्येकानं आपापले ५०,००० शब्द, सगळ्यांनी एकाच वेळी. बघायला गेलो तर ती संस्थाच २०२५ मध्ये गुंडाळली म्हणे. आता कुठं नाव घालायचं? दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतरच वेळ मिळतोय.

खानापूरची_माई
संस्था गेली खरं आव्हान कुठं गेलंय? १९९९ ला क्रिस बेटीनं सॅन फ्रान्सिस्कोकडं २१ जणांत सुरू केलं तेव्हा ती दोस्तमंडळींची हौसच होती. तेही जुलैत, नोव्हेंबर दुसऱ्या वर्षापासनं. तेव्हा महिना आपल्या सोयीनं धरा दादा. नोव्हेंबरात आमच्याकडं भाताची सुगी, मळणी सोडून कोण लिहीत बसतंय? पुढं थंडीत बेळगावकडची कडोली, उचगाव, येळ्ळूर, गावोगावची साहित्य संमेलनं. लिहिणाऱ्यांचा अर्धा वेळ दुसऱ्यांचं लिहिणं ऐकण्यातच जातोय. आम्ही मैत्रिणी फेब्रुवारी धरतो. या आमच्यात.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
५०,००० म्हणजे रोजचे १,६६७. हा इंग्रजीचा हिशेब. मराठीत प्रत्यय, शब्दयोगी सगळं चिकटून येतंय, ‘वखारीतल्यासारखं’ हा एकच शब्द मोजला जातो. तेवढाच मजकूर आपल्याकडं कमी शब्दांत बसतोय. रोज हजार धरा. मी मोबाईलवर बोलून टाईप करतो, फक्त आपलं ‘जायलोय’, ‘करायलोय’ त्याला कळत नाही, पुण्याचं करून टाकतंय. महिनाभर तसंच राहू दे, नंतर दुरुस्त करा.

शहापूर_पेठ
माझं मत उलटं आहे. आकडा गाठायच्या नादात संवाद ताणले जातात. दोन पात्रं चहा पितायत, पितायत, कप काय रिकामा होत नाही. आंदोलनासारख्या विषयाला घाई नको.

निपाणीकर_दुकानदार
घाईचं नाही ओ, अडलंय वेगळ्याच ठिकाणी. ६ एप्रिलचा पोलिसांचा गोळीबार. माणसं गेली त्यात. जुन्या लोकांना विचारावं तर प्रत्येकजण वेगळं सांगतोय. चुकीचं लिहिलं तर निपाणीत तोंड दाखवायला नको.

खानापूरची_माई
हे आधी सांगायचं की! तुमची बाई त्या वेळी कुठं हाय? चुलीपाशी असेल तर तिला काय दिसणार? आवाज, पळापळ, परातीत तसंच पडलेलं पीठ, आणि आपला माणूस कुठंय हा घोर. कोण कुठं उभं होतं हे तिला ठाऊकच नाही, मग तुम्ही कशाला शोधत बसलाय? जिथं नाव किंवा वेळ लागेल तिथं तीन फुल्या मारा आणि पुढं चला. महिना संपला की सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या अंकांचं विचारा. त्या महिन्यात मात्र वाचनालयाची पायरी चढायची नाही.

शहापूर_पेठ
हे पटलं. फुल्या मारणं चांगलं.

निपाणीकर_दुकानदार
बाईला माहीत नाही हे डोक्यातच आलं नव्हतं माई. फेब्रुवारी पक्का. रोज काय पाठवायचं असतंय?

खानापूरची_माई
झोपायच्या आधी फक्त आकडा टाकायचा. शून्य असला तरी शून्य टाकायचा. मजकूर कुणी मागणार नाही आणि कुणी पाठवायचाही नाही.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
फेब्रुवारीला २८ च दिवस. २८ हजार अधिक तुमचे वीस, दोन हजार कमी पडतायत. मी पण येतो, माझा आकडा साडेअकरानंतर येईल, शिफ्ट सुटल्यावर.